मदत हवी आहे: जुनी मारुती दहा मिनिटांत बंद पडते (म्हापसा)

खोर्लीचा: गाडी सुरू होते, दहा मिनिटं छान पळते, मग गचके खाऊन बंद. वीस मिनिटं थांबून सेल्फ मारला की पुन्हा चालू. प्लग बदलले, कॉइल बदलली, मेस्ताने (मेकॅनिकने) कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला. गणपतीची चवथ नऊ दिवसांवर आली. आईला वाळपईच्या घरी न्यायचंय आणि गुडघ्यांमुळे तिला स्कूटरवर बसवत नाही. लवकर सांगा.

रेडिएटर: मारुतीची कुठली? साल?

खोर्लीचा: ८००, १९९७ ची. गेल्या महिन्यात घेतली.

डिचोलीकर: बंद पडल्या पडल्या प्लगची वायर काढून स्पार्क बघितलास? न बघता कॉइल बदलणं म्हणजे अंधारात दगड. माझ्या ८०० मध्ये हेच व्हायचं, डिस्ट्रिब्युटरमधला (प्लगना वीज वाटणाऱ्या भागातला) कंडेन्सर तापला की दगा द्यायचा. तोच बदल.

रेडिएटर: कंडेन्सर असता तर त्याआधी मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळणं, झालं असतं. हे पेट्रोलचं दुखणं आहे. टाकीचं झाकण सैल करून चालवून बघ. झाकणाचं भोक बुजलं की आत हवा जात नाही आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही.

डिचोलीकर: नेहमी मिसफायर होतंच असं नाही. माझी सरळ बंद पडायची.

खोर्लीचा: स्पार्क बघितला, आहे. झाकण काढून म्हापसा ते आस्नोडा गेलो, तिथे बंद पडलीच.

पद्मिनीवाला: बाब, हल्लीचं पेट्रोलच वाईट. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलवालं यायला लागलं, ते पाणी ओढतं आणि जुने रबरी पाइप खातं. मी माझ्या फियाटचे सगळे पाइप बदलले. १०८९ सीसीचं इंजिन, अजून एका सेल्फमध्ये उठतं.

रेडिएटर: पाइपातून हवा ओढत असेल हे शक्य आहे. पण गाडी विकत घेण्याआधी उभी होती का?

खोर्लीचा: तीन वर्षं फणसाखाली. विकणारा म्हणाला रोज चालवतो. एअर फिल्टर उघडला तर आत मुंग्यांचं वारूळ. पेट्रोलचा फिल्टर मी दोनदा बदलला, दर वेळी चार दिवसांत लाल.

रेडिएटर: लाल होतो हे पहिल्या ओळीत सांगायचं होतंस! टाकी आतून गंजलीय. तळाच्या जाळीवर गंज चिकटतो, पेट्रोल अडतं. इंजिन बंद झालं की ओढ थांबते, गंज खाली बसतो आणि वाट मोकळी होते. म्हणून वीस मिनिटांनी चालू होते. टाकी उतरव.

सांगेकर: पंपाला वेगळी पेट्रोलची बाटली लावून वीस मिनिटं चालवून बघा, आधी खात्री होईल.

डिचोलीकर: तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोलची बाटली? असले सल्ले देऊ नका.

ताळगावकर: कागद बघितलेस का? खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. शिवाय शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या) सामानाला ही गाडी नेऊ नकोस, तिथे बंद पडली तर हलवता येणार नाही.

खोर्लीचा: नूतनीकरण झालेलं आहे, विमाही काढला. टाकीचं सांगा, घरी होईल का?

रेडिएटर: पेट्रोल काढून, उतरवून, आत बारीक खडी आणि साबणाचं पाणी घालून हलवायची. दोनतीनदा धुवून पूर्ण सुकवायची. भोक सापडलं तर वेल्डिंगला अजिबात देऊ नकोस. रिकाम्या टाकीतही वाफ राहते, भडका उडतो. भोक असेल तर दुसरी टाकी घे.

वाळपईवाली: टाकी होईल, पण ब्रेक? तीन वर्षं उभ्या गाडीत व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे) गंजतात आणि ब्रेक ऑइल ओल धरतं. टायरवरचा चार आकडी कोड वाच, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. बंद पडलेली गाडी कडेला लावता येते. पावसात उतारावर ब्रेक लागला नाही तर काय करशील? आई बसणार आहे त्यात.

खोर्लीचा: टाकी उतरवली. आत बोट फिरवलं तर कावेसारखी लाल पूड, तळाशी वाटीभर पाणी. जाळी पूर्ण बुजलेली. धुऊन उन्हात ठेवलीय, भोक नाही. मागचं उजवं चाक काढलं, सिलिंडर जाम होता. टायरवर ०९१४ दिसतं, म्हणजे २०१४ चे. उद्या चारही टायर आणि सिलिंडर आणतो. आठवड्यात झालं नाही तर आईसाठी टॅक्सी सांगीन, चवथीनंतर ही गाडी घेऊन जाईन.

वाळपईवाली: ब्रेक ऑइलही नवं भर. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना पेडलवर कुणाला तरी बसव.