विम्याने बिल भागवलं, तरी हॉस्पिटलचा लीन?

सॅनहोजेकर:
भाच्याला सिग्नल तोडून आलेल्या गाडीने उडवलं. पाय मोडला, ऑपरेशन झालं. बिल ८० हजार डॉलर. आरोग्य विम्याने ठरलेल्या दराने २२ हजार दिले, हॉस्पिटलने ते घेतले, ईओबीवर (विमा कंपनीच्या हिशोबपत्रकावर) 'रुग्णाची बाकी शून्य' असं आलं. आता समोरच्याच्या गाडीच्या विम्याकडून तडजोडीचे पैसे यायची वेळ झाली, तर त्यावर याच हॉस्पिटलने उरलेल्या ५८ हजारांचा लीन, म्हणजे त्या पैशांतून वसुली करायचा हक्क, टाकलाय. ही सरळसरळ दुहेरी वसुली आहे.

बिलिंगवाली:
दुहेरी कशी? आधीचे २२ वजा करूनच मागतायत ना. १९८६ च्या एमटाला कायद्याने इमर्जन्सीत आलेल्याला, खिशात दमडी नसली तरी, तपासून सावरावंच लागतं. त्यात किती पैसे बुडतात ते मी रोज बघते. शिवाय लीन घरावर वा पगारावर नसतो, फक्त अपघाताच्या भरपाईवर असतो. तुमच्या विमा कंपनीने घासाघीस करून मिळवलेल्या दराचा फायदा सिग्नल तोडणाऱ्याला का म्हणून?

सॅनहोजेकर:
त्याला कसला फायदा? त्याची कंपनी पॉलिसीच्या मर्यादेपर्यंतच देणार. त्यातून वकिलाची फी, मग तुम्ही. पोरगा अजून कठडा धरून जिना चढतो, त्याच्या हाती काय?

कलमबहाद्दर:
कॅलिफोर्नियात 'पार्नेल विरुद्ध अ‍ॅडव्हेंटिस्ट हेल्थ' हा २००५ चा निकाल बघा, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा. विम्याचे पैसे पूर्ण फेड म्हणून घेतले असतील तर रुग्णाचं देणं उरत नाही. देणंच नाही, तर लीन कशावर टाकणार?

बिलिंगवाली:
निकाल अर्धा सांगू नका. फरक वसूल करायचा असेल तर विमा कंपनीबरोबरच्या करारात तसा हक्क राखून ठेवा, हेही त्यातच म्हटलंय. आणि इथल्या कायद्याने लीनपोटी तडजोडीच्या निम्म्याहून जास्त जात नाही.

कलमबहाद्दर:
निम्मं म्हणजे काय थोडं झालं? आणि तो करार हॉस्पिटल आणि विमा कंपनीतला, भाच्याची त्यावर सही नाही. सॅनहोजेकर, वकिलाला लेखी विचारायला लावा, हक्क राखणारं कलम कुठलं. भाव करायची वेळ त्यानंतर.

ह्यूस्टनची वहिनी:
आमच्या टेक्सासात याहून पुढची तऱ्हा. अपघातानंतर ७२ तासांत दाखल झालात की लीन लागू शकतो, आणि काही हॉस्पिटलं आरोग्य विम्याला बिल पाठवायचंच टाळतात. कमी दर घ्यायलाच नको! तुमच्याकडे निदान विम्याला बिल तरी गेलं.

बिलिंगवाली:
ते मात्र मलाही पटत नाही. विमा आहे तर बिल आधी तिकडेच गेलं पाहिजे. पण करार मागून लगेच मिळेल या भ्रमात राहू नका, दर गोपनीय म्हणून आमचेच लोक अडवतात.