गुरुवार-रविवार सामने: कॉन्फरन्सआधीच्या दोन आठवड्यांत नेमकं काय घ्यायचं?

ओहायोकर (प्रश्न)

डिव्हिजन १ (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची सगळ्यात वरची पातळी) मधल्या एका लहान कॉलेजच्या मुलींच्या सॉकर संघात ग्रॅज्युएट असिस्टंट आहे. (आपलं फुटबॉलच, पण इथे ‘फुटबॉल’ म्हटलं की हेल्मेटवाले डोळ्यांसमोर येतात, म्हणून सॉकरच लिहिते.) नॉन-कॉन्फरन्सचे, म्हणजे आमच्या कॉलेजगटाबाहेरच्या संघांशी असलेले, सामने संपत आलेत. दोन आठवड्यांनी कॉन्फरन्सचे सुरू होतील, दर गुरुवारी संध्याकाळी ७ ला आणि रविवारी दुपारी १ ला. संघात २६ जणी आहेत, पैकी ३ गोलकीपर. मुख्य कोचनी आठवड्याच्या सरावाचा कच्चा आराखडा माझ्याकडून मागितलाय.

अडचणी तीन. रविवारी दुसऱ्या सत्रात मधली फळी थकून अक्षरशः उभी राहते. आतापर्यंत खाल्लेल्या गोलांपैकी निम्मे कॉर्नर आणि लांब थ्रो-इनवर आलेत. आणि बदली खेळाडूंचा हिशेब दर सामन्यात चुकतो, हवी ती मुलगी हव्या त्या वेळी आत घेता येत नाही. कोणी नीट सांगेल का? पुस्तकी उत्तर नको, आकडे द्या.

रंकाळा_लेफ्टबॅक

ताई, आधी आठवड्याचं गणित मांडा, म्हणजे अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. गुरुवारी संध्याकाळी ७ ते रविवारी दुपारी १ म्हणजे ६६ तास. सामन्याचे दोन वजा केले की ६४. एवढ्यात पाय पूर्ण भरून येत नाहीत. मग सोमवारी सुट्टी. आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवणं एनसीएएचा (अमेरिकेतल्या कॉलेज-खेळांची संस्था) नियमच आहे, आणि तो सोमवारीच द्या. बुधवारी दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी हलकं. मग खरा सराव म्हणावा असा दिवस उरतो एकच, मंगळवार. कॉन्फरन्समध्ये नवीन काही शिकवायला वेळच नसतो. जे शिकवायचं ते या दोन आठवड्यांत.

मी असा आराखडा देईन:

मंगळवार, २ तास. सुरुवातीला फिफा ११+ (दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्म-अप) पूर्ण, २० मिनिटं. मग ६ विरुद्ध ६, साधारण ५० बाय ४० मीटरवर, ४ मिनिटांचे ४ डाव, मध्ये २ मिनिटं विश्रांती. त्यानंतर २५ मिनिटं ११ विरुद्ध ११, गुरुवारच्या प्रतिस्पर्ध्याच्या रचनेविरुद्ध. वेट रूम त्याच दिवशी, ४५ मिनिटं, जास्तीत जास्त.

बुधवार, सव्वा तास. सेट पीस (कॉर्नर, फ्री-किक, थ्रो-इन), गोलवर फटके, ३० मीटरच्या ३-४ पूर्ण वेगाच्या धावा. बस्स.

शुक्रवारी संघ दोन भागांत. गुरुवारी ६० मिनिटांहून जास्त खेळलेल्यांना २० मिनिटं सायकल किंवा पूल, थोडी हालचाल आणि फिजिओ. बाकीच्यांना खरा सराव: ४ विरुद्ध ४, ३० बाय २५ मीटर, ३ मिनिटांचे ४ डाव, वर ३० मीटरच्या ६ धावा. हा भाग सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. बाकावर बसलेली मुलगी आठवड्यातून १५ मिनिटं खेळते, तिचा सप्टेंबरचा दम ऑक्टोबरपर्यंत उतरतो, आणि कोणीतरी जखमी झाल्यावर तिला ९० मिनिटांसाठी उतरवलं की मांडीमागचा स्नायू ओढला जातो. मग दोष तिचा नसतो.

शनिवार, ५० ते ६० मिनिटं, बुधवारपेक्षाही हलकं.

एनसीएएची आठवड्याला वीस तासांची मर्यादा मोजून पाहा. सामना कितीही लांबला तरी ३ तास धरतात, म्हणजे दोन्हींचे ६. मंगळवारचे पावणेतीन, बुधवारचा सव्वा, शुक्रवार-शनिवार मिळून २, व्हिडिओच्या दोन बैठका मिळून १. एकूण १३. फिजिओचे उपचार आणि प्रवास यात धरत नाहीत, वेट रूम आणि व्हिडिओ मात्र धरतात. म्हणजे तास शिल्लक आहेत, आणि तोच सापळा आहे. शिल्लक तास दिसले की कोचना ते भरावेसे वाटतात.

थ्रोइन_ताई

वरचा आराखडा चांगला आहे, एका गोष्टीवर मतभेद. शनिवारी ६० मिनिटं मला जास्त वाटतात. रविवारी मधली फळी उभी राहते आहे, तर गुरुवारी ७५ मिनिटांहून जास्त खेळलेल्यांना शनिवारी ३५ मिनिटांत घरी पाठवा. सेट पीसची उजळणी चालत-चालत करा.

आणि ११+ बद्दल: पूर्ण कार्यक्रम फक्त सरावाच्या दिवशी. सामन्याआधी पहिला आणि तिसरा, म्हणजे धावण्याचाच भाग घ्यायचा. मधला ताकदीचा आणि तोल सांभाळण्याचा भाग सामन्याआधी वगळतात. त्यात नॉर्डिक हॅमस्ट्रिंग (मांडीमागच्या स्नायूंचा व्यायाम) आहे. पहिल्या पातळीला ३ ते ५, दुसऱ्या पातळीला ७ ते १० वेळा. ज्या मुलींनी ऑगस्टमध्ये हे केलेलं नाही त्यांना आत्ता एकदम दहावर नेऊ नका. अंग दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. मंगळवारी केलं की नेमकं गुरुवारी भोवेल. तीनपासून सुरू करा. सोडून मात्र देऊ नका, मुलींमध्ये गुडघ्याच्या एसीएल दुखापतीचं प्रमाण मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे आणि उडी मारून नीट उतरायला शिकवणारा हाच भाग आहे. गुडघे आत वळताहेत का ते समोर उभं राहून बघा. बाजूने दिसत नाही.

रविवारच्या थकव्याचं निम्मं कारण ताटात असतं. गुरुवारचा सामना रात्री ९ ला संपतो, बसमध्ये चिप्स खाऊन मुली झोपतात, शुक्रवारी सकाळी वर्गाला पळतात. सामना संपल्यावर पहिल्या तासात वजनाच्या दर किलोमागे साधारण १ ग्रॅम कार्बोहायड्रेट, शिवाय २० ते २५ ग्रॅम प्रथिनं. ६० किलोच्या मुलीला ६० ग्रॅम म्हणजे साधारण अर्धं केळं आणि अर्धा लिटर चॉकलेट दूध, प्रथिनांची गरज त्या दुधातच बरीचशी भागते. बसमध्ये बर्फाची पेटी ठेवा, हॉटेलात पोचल्यावर बघू असं नको. सामन्याआधी साडेतीन तास जेवण, भात किंवा पास्ता, कमी तेलाचं. संघात आपली कोणी असेल तर दहीभात उत्तम, तिखट रस्सा नको.

पाण्यासाठी वजनकाटा लागतो. सरावाआधी आणि नंतर वजन घ्या. १ किलो उतरलं तर पुढच्या काही तासांत दीड लिटर, मीठ असलेल्या काहीतरीबरोबर. वजनाचे आकडे खोलीत मोठ्याने वाचू नका आणि भिंतीवर लावू नका. कागद ज्याच्या त्याच्या हातात.

मडगावकर

बदलीचा नियम कागदावर लिहून बाकावर चिकटवा. फिफाच्या सवयीने विचार केला की चुकतंच. पहिल्या सत्रात बाहेर काढलेली मुलगी त्या सत्रात परत येत नाही. दुसऱ्या सत्रात बाहेर गेलेली एकदा परत येऊ शकते. यातून निघतं ते असं:

पहिल्या सत्रात मधल्या फळीतल्या दोघींना २५व्या ते २८व्या मिनिटाला काढा आणि मध्यंतरापर्यंत बसू द्या. मध्यंतर धरून त्यांना अर्ध्या तासाच्या आसपास विश्रांती मिळते. दुसऱ्या सत्रात पुन्हा त्याच उतरतील, ६०व्याला बाहेर, ७२व्याला आत. शेवटची १८ मिनिटं ताजे पाय. याची किंमत एवढीच की पहिल्या सत्राची शेवटची २० मिनिटं राखीव जोडीने सांभाळायची, म्हणून त्या जोडीला मंगळवारी ११ विरुद्ध ११ मध्ये एकत्रच खेळवा. एकेकटी बदलली की मधल्या फळीतलं बोलणं तुटतं.

“हवी त्या वेळी आत घेता येत नाही” याचं कारण बहुधा टेबल. बदली खेळाडूने आधी स्कोअररच्या टेबलाशी जाऊन नोंद द्यायची असते, आणि आपल्या थ्रो-इनला, आपल्या कॉर्नरला, गोलकिकला किंवा गोलनंतर तिला आत सोडतात. प्रतिस्पर्ध्याच्या कॉर्नरला उंच बचावपटू आत आणायची असं ठरवून बसलात तर ती टेबलाशीच उभी राहील. दोन मिनिटं आधी पाठवा, बिब काढलेली, मोजे वर, शिनगार्ड आत. आणि हे काम एकाच माणसाच्या हाती द्या, कागद-पेन घेऊन. कोण कितव्या मिनिटाला गेली, परत आली की नाही. मुख्य कोचच्या डोक्यात हा हिशेब राहत नाही, राहूही नये.

घड्याळाचंही तसंच. इथे ते ४५:०० वरून शून्याकडे उलटं चालतं आणि वाढीव वेळ नसतो. शून्य झालं की खेळ थांबला, चेंडू तोपर्यंत पूर्ण रेषेपलीकडे गेला असेल तरच गोल. १२ सेकंद उरले असताना मिळालेला कॉर्नर आखूड खेळणं म्हणजे तो फुकट घालवणं. थेट पेटीत (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्रात) टाका.

पिवळी कार्डंही त्याच कागदावर. हंगामात ५ झाली की पुढचा सामना बाहेर. तुमच्या बचावात्मक मिडफिल्डरची आत्ताच ३ असतील तर तिची जागा घेणारी आजपासून तयार करा.

रंकाळा_लेफ्टबॅक

शनिवारचं थ्रोइन_ताईंचं पटलं. ३५ मिनिटंच ठेवा.

कॉर्नरचं राहिलं होतं. दहा जणींची मांडणी: एक जवळच्या खांबाशी, तिघी सहा यार्डांच्या रेषेवर, तिघी त्यांच्या धावून येणाऱ्या उंच खेळाडूंना अडवायला, एक आखूड कॉर्नरकडे, एक पेटीच्या कमानीशी, एक वर. गोल होतात ते बहुतेक तीन कारणांनी. अडवणाऱ्या तिघी चेंडूकडे तोंड करून उभ्या राहतात आणि मागून धाव सुटते. त्यांनी अर्धवट वळून, एक हात समोरच्या खेळाडूच्या दिशेने ठेवून उभं राहायचं, ओढायचं नाही. दुसरं, दोन मुली गोलकीपरसमोर येऊन उभ्या राहतात आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. रेषेवरच्या मधलीचं काम त्यांना ढकलणं नाही, कीपरच्या पुढे स्वतःची जागा आधी पकडणं हे आहे. तिसरं, पहिला चेंडू डोक्याने बाहेर गेला की सगळ्या सुस्कारा सोडतात आणि कमानीवरून दुसरा फटका येतो. पहिला हेडर झाला की पेटीतल्या सगळ्यांनी ६-७ मीटर बाहेर पळायचं, ओरडून.

लांब थ्रो-इन हा कॉलेज सॉकरमधला नेहमीचा उपद्रव. तो कॉर्नर समजा, मांडणी तीच. फरक दोन. थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो, म्हणून रेषा वर ओढून उपयोग नाही. आणि हाताने फेकलेला चेंडू हळू, उंच येतो, त्यामुळे कीपरला बाहेर पडायला जास्त वेळ मिळतो. तुमची कीपर गोलरेषेवरच थांबत असेल तर ते मोडा.

सराव कसा: बुधवारी १२ मिनिटं, बचावाचे ८ कॉर्नर आणि ४ थ्रो, दोन्ही बाजूंनी, समोर राखीव मुली पूर्ण जोराने. प्रतिस्पर्ध्याचे मागच्या तीन सामन्यांतले कॉर्नर व्हिडिओवरून काढा, बघायला अर्धा तास पुरतो. बहुतेक संघ दोन-तीनच चाली खेळतात. त्याच त्या राखीव मुलींना शिकवा.

हल्ल्याच्या चालीही तीनच ठेवा, खुणेसकट. सात चाली लिहिलेली वही सुंदर दिसते, पण ८०व्या मिनिटाला कोणाला आठवत नाही.

ओहायोकर

सगळं उतरवून घेतलं. दोन शंका. रविवारी सुरुवातीच्या अकरा जणींत बदल करावा का, की गुरुवारचीच अकरा? आणि बरोबरीच्या सामन्यांसाठी पेनल्टीचा सराव आत्ता करायचा का?

थ्रोइन_ताई

पेनल्टी आत्ता नको. २०२२ पासून नियमित हंगामात ओव्हरटाइम नाही, बरोबरी ती बरोबरी. कॉन्फरन्सच्या बाद फेरीत मात्र १० मिनिटांची दोन सत्रं आणि मग पेनल्टी. ऑक्टोबरच्या मध्यापासून आठवड्यातून एकदा, सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना प्रत्येकीची एकच. कोणी किती मारल्या ते लिहून ठेवा, आणि यादी पाचची नको, आठची करा.

मडगावकर

अकरा जणींतल्या दोन किंवा तीन बदला, बहुधा बाजूच्या बचावपटू आणि विंगर, कारण पूर्ण वेगाच्या धावा त्यांच्याच जास्त असतात. जीपीएसचे बनियन असतील तर ताशी १९ किलोमीटरच्या वरचं अंतर बघा, एकूण किलोमीटर नाही. सेंटर-बॅक आणि कीपर शक्यतो तशाच ठेवा.

आणि मैदानाचं आधी विचारून घ्या. रविवारचा सामना कृत्रिम गवतावर, तोही अमेरिकन फुटबॉलच्या रेषा आखलेल्या मैदानावर असेल तर शनिवारची ३५ मिनिटं तशाच गवतावर घ्या, स्टड बदलून. तिथे चेंडू पळतो आणि पिवळ्या-पांढऱ्या रेषांच्या जाळ्यात बाजूच्या खेळाडूंना आपली टचलाइन पटकन ओळखू येत नाही. विंगरना उतरल्या-उतरल्या त्या रेषेवरून एक फेरी चालायला लावा.