क्रूझवर जेवणाच्या टेबलावरचं पाणी विकत का?

सागरगोटा (धागाकर्ती):

भूमध्य समुद्रातल्या क्रूझच्या जाहिरातीत 'जेवणखाण समाविष्ट' असं ठळक छापलेलं असतं. पहिल्या रात्री मोठ्या डायनिंग रूममध्ये जाऊन बसावं, तर वेटर हसतमुखाने विचारतो, "साधं की गॅसचं?" आपण आपलं साधं सांगतो. बाटली येते, सील तुटतं आणि तीन-चार युरो अधिक सेवाशुल्क खोलीच्या कार्डावर चढतात. नळाचं पाणी मागितलं तर काही बोटींवर देतात. काहींवर उत्तर मिळतं, "इथे नाही, वर बुफेत यंत्र आहे." म्हणजे पाणी प्यायला अकराव्या मजल्यावर आणि जेवायला पाचव्या!

बाटल्या विकण्याला माझी हरकत नाही. ज्याला हवी त्याने घ्यावी. पण जिथे जेवण वाढता तिथे जहाजाचं स्वतःचं पाणी न मागता टेबलावर आलं पाहिजे. अमेरिकन बाजारातल्या मोठ्या कंपन्या बसल्याबरोबर ग्लासात बर्फाचं पाणी ओततात. समुद्र तोच, यंत्रं तीच, मग इथेच काय अडलं?

परवडत नाही म्हणाल तर हिशोब करू. समुद्राच्या पाण्याचं आरओ करायला हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते. जहाजावरची वीज महाग, म्हणून युनिटला चाळीस रुपये धरा. लिटरला १६ पैसे झाले. यंत्र, फिल्टर, माणसं सगळं धरून दहापट करा. तरी दोन रुपयांच्या आत.

दुसरी चीड खोलीतल्या बाटलीची. टेबलावर दोन ग्लास, शेजारी पाण्याची बाटली, तिच्या गळ्यात छोटी चिठ्ठी. चिठ्ठीवर किंमत, तीही बारीक अक्षरात. प्रवासाने दमलेला माणूस चश्मा न लावता ती उघडणार, हे ठेवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

फिरस्ता नाना:

ताई, हा धंदा आम्ही जवळून बघतो, म्हणून स्पष्ट लिहितो. रागावू नका.

क्रूझचं तिकीट एवढं स्वस्त कसं, याचा विचार केलाय कधी? युरोपात त्याच पैशात साधं हॉटेल आणि दोन वेळचं जेवण सुटत नाही. इथे खोली, तीन-चार वेळा खाणं, रोज नवं बंदर, रात्री नाटक-गाणं. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नातला साधारण तिसरा हिस्सा बोटीवरच्या खर्चातून येतो: दारू, कॅसिनो, सहली, फोटो, स्पा आणि हो, पाणीही. ते काढून घ्या, तिकीट वाढेल. मग ज्याला बाटली नको होती त्याच्याही खिशातून जाईल. हा कुठला न्याय?

शिवाय इटलीत रेस्टॉरंटमध्ये बसलं की पाणी विकतच घेतात. तिथल्या माणसाला त्यात काही वावगं वाटत नाही. बोट त्यांची, गिऱ्हाईक मुख्यतः त्यांचं. आपण चार जण गेलो म्हणून त्यांनी पाणपोई उघडायची का?

माझ्या ग्रुपला मी निघायच्या आधीच सांगतो: रिकामी स्टीलची बाटली बरोबर घ्या, खोलीतली सीलबंद बाटली उघडू नका, फार तहान लागते त्यांनी पाण्याचं पॅकेज आधीच घ्या, बोटीवर ते महाग पडतं. ऐकतात त्यांचं बिल येत नाही.

सागरगोटा:

नाना, 'उघडू नका' असं तुम्हाला आधी सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

तळटीप:

इटलीचं सांगितलंत, फ्रान्सचंही सांगा की. तिथे जेवणाबरोबर नळाच्या पाण्याचा जग मागितला की फुकट द्यावाच लागतो, तसा नियम आहे. दोन्ही देश एकाच समुद्राच्या काठावर. तेव्हा 'युरोपची पद्धत' म्हणून गप्प बसवू नका.

खारट:

निवृत्त मरीन इंजिनिअर. पाणी 'करण्यात' आयुष्य गेलंय, म्हणून थोडं लांबण लावतो.

जहाजावर पिण्याचं पाणी तीन वाटांनी येतं. बंदरात भरून घेतात ते बंकरिंगचं. दुसरं इव्हॅपोरेटरचं. इंजिन थंड करून आलेलं ८० अंशांच्या आसपासचं पाणी असतंच, ती उष्णता फुकट मिळते. इव्हॅपोरेटरच्या आत हवा खेचून पोकळी केलेली असते, त्यामुळे समुद्राचं पाणी चाळीस-पन्नास अंशांतच उकळतं. वाफ थंड केली की गोडं पाणी. तिसरं आरओचं, नव्या बोटींवर हल्ली त्यावरच भर. किनाऱ्याजवळ आणि बंदरात ही यंत्रं बंद ठेवतात, कारण तिथलं पाणी घाण.

आता नीट ऐका. एवढ्या कमी तापमानाला उकळल्याने जंतू मरतीलच असं नाही, म्हणून क्लोरीन. आणि असं पाणी अगदी रिकामं असतं, चव नाही, वर पाइप खातं. म्हणून ते चुनखडीच्या किंवा डोलोमाइट नावाच्या दगडाच्या थरातून नेऊन खनिजं परत घालतात. मग टाकी, मग पुन्हा क्लोरीनची तपासणी. घोटभर पाण्यात डीपीडीची, म्हणजे क्लोरीन तपासायची गोळी टाकायची, गुलाबी रंग आला की क्लोरीन आहे. किती गुलाबी, त्यावरून आकडा. तो रोज वहीत जातो.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेचा जहाजांसाठी जो स्वच्छता कार्यक्रम आहे, त्यात टाकीत शिरताना किमान २ आणि लांबातल्या लांब नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन प्रति लिटर लागतं, वरची मर्यादा ५. एवढी पहारेदारी आपल्या सोसायटीच्या टाकीवर कोणी करतं का, ते सेक्रेटरीला विचारून बघा.

पिंपळपान:

खारट काका, तुमचं पाणी गुलाबी होत असेल, पण प्यायल्यावर स्विमिंग पूल आठवतो त्याचं काय? आमच्या घरात सहा महिन्यांचं बाळ आहे. त्याच्या दुधासाठी मी बोटीच्या नळाचं पाणी मुळीच वापरणार नाही. सीलबंद बाटली म्हणजे माझ्या जिवाला शांतता, आणि तिचे पैसे द्यायला माझी ना नाही.

आणि एक विचारते. तुमचं पाणी इतकं उत्तम, तर मालवाहू जहाजांवर क्रूला मिनरल वॉटरच्या बाटल्या का देतात? माझा दीर तिकडे आहे. नळाचं कोणी पीत नाही म्हणतो.

खारट:

दीर खरं सांगतोय. मालवाहू जहाजावर वीस-बावीस माणसं आणि टाक्या मोठ्या. पाणी पडून राहतं, टाकीचा आतला रंग जुना झाला की चवीत उतरतो, कधी गंजही येतो. प्रवासी जहाजावर माणशी रोजचं दोन-अडीचशे लिटर उडतं, पाच हजार माणसं धरा. पाण्याला टाकीत शिळं व्हायला सवडच मिळत नाही. दोन्ही एका मापाने मोजू नका.

वास येतो, मान्य. जग उघडा ठेवला, गार केला की बराच उतरतो. बाळाचं मात्र तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही. फक्त सीलबंद पाणीही निर्जंतुक नसतं, दुधासाठी उकळूनच घ्या.

एडिसनकर:

इकडे अमेरिकेतून जाणाऱ्या क्रूझवर पाण्यासाठी भांडायची वेळ येत नाही, जेवताना ग्लास रिकामा दिसला की भरतात. पण इकडचीही एक गंमत आहे. २०१५ मध्ये कार्निव्हल या क्रूझ कंपनीने प्रवाशांना पाण्याच्या आणि सोड्याच्या बाटल्या बरोबर आणायला बंदी केली. कारण? लोक पाण्याच्या बाटलीत व्होडका भरून, झाकण पुन्हा सीलबंद दिसेल असं बसवून आणत होते. ठरावीक डबे आणि खोके चालतात, बाटली नाही. तेव्हा 'आपली बिसलेरी नेऊ' म्हणणाऱ्यांनी आधी त्या कंपनीचे नियम वाचावेत.

खारटांनी म्हटलेल्या सीडीसीच्या तपासण्या न कळवता होतात. शंभरपैकी ८५ किंवा खाली गुण पडले तर नापास. अहवाल जगजाहीर, कोणीही वाचावा. बुकिंगच्या आधी मी बोटीचं नाव घालून बघतो. बायको म्हणते, बाल्कनी बघा, मी क्लोरीन बघतो.

आणि बाटलीबद्दल: जानेवारी २०२४ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाटलीबंद पाण्याच्या एका लिटरमध्ये सरासरी दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास प्लास्टिकचे सूक्ष्म आणि अतिसूक्ष्म कण मोजले होते. विकतचं तेवढं शुद्ध, हा समज सोडायला हरकत नाही.

पिंपळपान:

कण मोजले, पण त्यांनी माणसाला नेमकं काय होतं ते अजून ठरलेलं नाही. उगाच घाबरवू नका. आणि सीडीसी अमेरिकेत येणाऱ्या बोटी तपासते. सिंगापूरहून सुटणाऱ्या बोटीचं काय?

एडिसनकर:

बऱ्याच बोटी उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात आणि हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये असतात, त्यामुळे त्याच बोटीचा अहवाल सापडू शकतो. जी बोट कधी इकडे येतच नाही, तिच्यासाठी हा उपाय नाही, हे खरं. युरोपातल्या प्रवासी जहाजांसाठी वेगळी स्वच्छता नियमावली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेची जहाजांसाठीची मार्गदर्शिका (२०११) सगळ्यांसाठीच आहे.

दगडूशेठ नव्हे:

आपल्याकडे १८६७ चा सराय कायदा आहे. त्यात म्हणे वाटसरूला पाणी फुकट. पंचतारांकित असो की टपरी. ठोका केस!

तळटीप:

शेठ, फुकट पाण्याचं कलम सराय कायद्यात नाहीच, ती ऐकीव गोष्ट. आणि असतं तरी तो बोटीवर कसा चढवणार? बहुतेक क्रूझ जहाजांचा झेंडा बहामा, पनामा, माल्टा नाहीतर इटलीचा. भर समुद्रात कायदा झेंड्याचा, म्हणजे जहाजाची नोंदणी ज्या देशात त्याचा. आपली एमआरपी तिथे चालत नाही. आणि चालली असती तरी काय? २०१७ च्या डिसेंबरमध्ये आपल्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की हॉटेल बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावू शकतं, कारण ते नुसती बाटली विकत नाही, बसायला जागा आणि सेवा देतं. कोर्टाच्या वाटेने हा प्रश्न सुटत नाही. सुटला तर गिऱ्हाइकाने बुकिंग करतानाच विचारल्याने.

दगडूशेठ नव्हे:

मग रेल्वेचं बाटलीबंद रेल नीर बरं. लिटरला १४ रुपये, आणि सोबत खिडकीची जागा.

मडगावकार:

क्रूझवर वेटर म्हणून बरीच वर्षं काम केलंय, आता गावी आहे. नाना आणि ताई दोघांचं वाचलं. आतलं सांगतो.

आम्हा क्रूला पाणी फुकटच. तसा आंतरराष्ट्रीय कायदाच आहे, सागरी कामगार करार २००६. जेवण आणि पिण्याचं पाणी मालकाने विनामूल्य द्यायचं. क्रू मेसमध्ये यंत्र असतं, त्यातलंच आम्ही पितो. तुमच्या बुफेतल्या यंत्रालाही तेच पाणी, टाक्या काही वेगळ्या नसतात. आजारी पडलो नाही.

फक्त बुफेतल्या यंत्राला बाटलीचं तोंड लावू नका, हात जोडून विनंती. तिथे पाटी असते, कोणी वाचत नाही. ओठ लावलेली बाटली नळीला घासली की पोटाचा विषाणू पुढच्याच्या ग्लासात. नोरोव्हायरस पसरला की आख्खी बोट ब्लीचने पुसायला आम्हीच. ग्लासात घ्या, ग्लासातून बाटलीत ओता.

बंदरात उतरताना जिन्याच्या तोंडाशी बर्फात बाटल्या मांडून उभं राहायचं, तेही केलंय. ऊन कडक असलं की माणूस किंमत विचारत नाही.

फिरस्ता नाना:

बघा, आतला माणूसच सांगतोय: फुकट पाणी आहे, चांगलं आहे, फक्त चार पावलं चालावं लागतं. मग तक्रार नेमकी कशाची? टेबलाशी आणून द्यायची सेवा हवी तर तिचे पैसे.

सागरगोटा:

जेवण टेबलाशी आणून देता त्याची सेवा तिकिटात धरलीत ना? रोजचं सेवाशुल्क माणशी वेगळं कापता, ते कशाचं? चार प्रकारचे पाव, लोणी, सूप फुकट येतं, आणि सूप करायला लागलेलं पाणी मात्र वेगळं मागितलं की युरो. आणि प्लास्टिक? जहाजांचं प्रदूषण रोखणाऱ्या मारपोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार समुद्रात प्लास्टिक टाकता येत नाही, म्हणजे प्रत्येक रिकामी बाटली चेपून, साठवून, बंदरात उतरवायची. आधी बंदरातून ओढून आणायची. ज्या जहाजाच्या पोटात पाण्याचा कारखाना आहे, त्यावर बाहेरून पाणी चढवायचं!

खारट:

सागरगोटाताईंशी सहमत. इंजिनिअर म्हणून अपमान वाटतो.

फिरस्ता नाना:

अपमान तुमचा, तिकीट आमच्या गिऱ्हाइकाचं. एक-दोन नाही, शंभर जणांना विचारून बघा: तिकीट दोन हजारांनी महाग आणि पाणी फुकट, की तिकीट स्वस्त आणि पाणी विकत? पहिल्याला हात वर करणारे सापडले तर कळवा.

सागरगोटा:

सोळा पैशांच्या पाण्याला दोन हजार?

मडगावकार:

एक कारण कोणी लिहिलंच नाही. जग फुकट ठेवला की तो भरायला कोण? एका वेटरकडे वीस-पंचवीस माणसं, दीड तासात तीन पदार्थ, मग दुसरी पंगत. प्रत्येक ग्लासावर नजर ठेवायची म्हणजे आणखी हात लागतात. अमेरिकन बोटींवर त्यासाठी असिस्टंट असतो. बाटली एकदा ठेवली की त्या टेबलाकडे पाण्यासाठी परत वळायला नको. पाणी स्वस्त आहे ताई, माणूस नाही.

सागरगोटा:

हे पटण्यासारखं आहे. मग भरलेला जगच ठेवून द्या ना टेबलावर.

मडगावकार:

बोट हलते, ताई. बाटलीला झाकण असतं.

खारट:

झाकणाच्या काचेच्या बाटल्या आहेत की. काही बोटींवर जहाजाचंच पाणी पुन्हा बारीक गाळून, गार करून काचेच्या बाटलीत टेबलावर देतात. प्लास्टिक नाही, ओझं नाही.

फिरस्ता नाना:

आणि त्या बाटलीचे पैसे लावतात, तेही लिहा की खारटराव.

खारट:

लावतात.