तारांच्या चाकांची १९६७ ची एमजीबी: १४ इंची टायर कोणता घ्यावा?

होटगी_रोड

नमस्कार मंडळी. गाडी १९६७ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, उघडी रोडस्टर. तारांची चाकं, ६० स्पोक, १४ इंची रिम, रुंदी साडेचार इंच. अंगावरच्या टायरवर नुसतं '१६५ एसआर १४' लिहिलंय, मधला आकडाच नाही. नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे, पण साईडवॉलला (टायरच्या बाजूच्या अंगाला) केसासारख्या भेगा दिसतात. तारखेचा शिक्का ०९११ असा आहे.

दुकानांत तीन वेगळे सल्ले मिळाले. एक म्हणतो १८५/६५ आर १४ टाका, दुसरा १७५/६५, तिसरा म्हणतो ट्यूबची कटकट काढा, ट्यूबलेसच करून घ्या. गाडी सोलापूरहून महिन्यातून दोनदा तुळजापूर नाहीतर नळदुर्गपर्यंत जाते, वेग ८०-९० च्या पुढे नाही.

साईज कोणता घ्यायचा? ट्यूब ठेवायची का? हवा किती? नक्षी एवढी असताना टायर बदलायची खरंच गरज आहे का? परदेशातून जुन्या नक्षीचे टायर मागवायचीही तयारी आहे.

जुनी_चाके

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. ०९११ म्हणजे २०११ सालचा नववा आठवडा. हे टायर आजच उतरवा. कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून संपत नाहीत, वयानं संपतात. रबर कडक होतं, पकड जाते, आणि आतल्या थरांची एकमेकांवरची पकड सुटते. ही शेवटची गोष्ट बाहेरून दिसत नाही, ती घातक आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, म्हणून इथं टायर लवकर म्हातारा होतो. नखानं दाबून बघा. नवं रबर थोडं दबतं, तुमचं दबणार नाही. स्टेपनीचंही वय बघा. ती कधीच न वापरलेली असली तरी तिचं वय इतर चार टायरइतकंच मोजायचं. पाच टायर घ्या.

आता साईज. १६५ ही टायरची रुंदी मिमीमध्ये, १४ हा रिमचा व्यास इंचात, आणि 'आर' म्हणजे रेडियल, आजच्या बहुतेक गाड्यांना असतो त्या बांधणीचा टायर. मधला आकडा नसलेला जुना रेडियल म्हणजे उंची रुंदीच्या सुमारे ८० टक्के. म्हणजे तुमचा टायर आजच्या भाषेत १६५/८० आर १४. मारुती स्विफ्ट आणि डिझायरच्या साध्या मॉडेलना हाच साईज येत होता, त्यामुळे तो नामांकित भारतीय कंपन्यांचा सहज मिळतो. गोड योगायोग आहे, फायदा घ्या.

बाकीच्यांचा एकूण व्यास मांडून बघा:

१६५/८० आर १४: ६२० मिमी
१८५/७० आर १४: ६१५ मिमी
१८५/६५ आर १४: ५९६ मिमी
१७५/६५ आर १४: ५८३ मिमी

१७५/६५ टाकला तर व्यास जवळपास ६ टक्क्यांनी कमी होतो. गाडी १८ मिमी खाली बसते. एमजीबीत सगळ्यात खाली लोंबतो तो सायलेन्सरचा पाईप, आणि आपल्याकडचे गतिरोधक तुम्हाला माहीतच आहेत. शिवाय मीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी ९४ ने चाललेली असेल आणि इंजिन त्याच वेगाला जास्त फिरत राहील.

१८५/६५ चा दोष वेगळा आहे. त्याला कमीत कमी ५ इंच रुंद रिम लागते, तुमची साडेचार आहे. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की बीड (रिमला घट्ट बसणाऱ्या टायरच्या कडा) आत ओढले जातात, साईडवॉल फुगते आणि वळणावर गाडी लुळी पडते. दुकानदार 'बसतो की' म्हणेल. बसतो, हे खरंय. पण बसणं आणि नीट बसणं यात फरक आहे.

वेगाचं अक्षर एस म्हणजे ताशी १८० किमी, टी म्हणजे १९०. एमजीबीला दोन्ही पुरतात. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, ८५ म्हणजे टायरमागे ५१५ किलो, आणि गाडी सगळी मिळून टनाच्या आत-बाहेर. त्याची काळजी नको.

निपल_आणि_स्पोक

ट्यूबलेसचा सल्ला देणाऱ्यानं तारांच्या चाकाची रिम आतून बघितलेली नाही. प्रत्येक स्पोकचं निपल (स्पोक कसायचा छोटा नट) रिमला आरपार भोक पाडून बसतं. ६० स्पोक म्हणजे ६० भोकं. ती सीलंटनं बुजवता येतात, पण जुन्या रिमला टायरची बीड जागेवर धरून ठेवणारा उंचवटाही नसतो. हवा कमी झालेली असताना जोरात वळलात तर बीड आत घसरते आणि टायर एका झटक्यात रिकामा होतो. तेव्हा ट्यूबच ठेवा.

पण ट्यूब नीट घातली पाहिजे. या चाकांचे निम्मे पंक्चर काट्यामुळं नाही, आतल्या कारणांनी होतात.

जुना टायर काढला की रिमच्या खाचेत बोट फिरवा. निपलच्या वर स्पोकचं टोक आलेलं लागलं तर ते बारीक ग्राइंडरनं निपलच्या पातळीला घासून सपाट करा, मग कानसीनं धार मोडा. गंज असेल तर तारेच्या ब्रशनं खरवडून प्रायमर मारा. त्यावर रबरी रिमटेप नवीनच घाला. ती निपलच्या दोन्ही ओळी झाकेल इतकी रुंद हवी, आणि व्हॉल्व्हचं भोक नेमकं जुळलं पाहिजे. जुनी टेप कडक होऊन निपलच्या आकारात मुरलेली असते, ती उलटी करून वापरू नका. मोटारसायकलची अरुंद टेप तर अजिबात नको. ती सरकते, कडेचं निपल उघडं पडतं आणि ट्यूब तिथंच घासत राहते.

ट्यूब १६५-१४ ला चालणारी रेडियलचीच घ्या. रेडियलची साईडवॉल जास्त वाकते, त्यामुळं साधी ट्यूब सांध्याच्या जागी फाटते. मोठी ट्यूब घडी पाडून कोंबली तर घडीच्या रेषेवरच चिरते. जुन्या ट्यूबवर पॅच मारून नवीन टायरमध्ये घालण्यात काही बचत नाही.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आजचा टायर ट्यूबलेस म्हणून बनतो, त्याच्या आतल्या अंगाला कधी उंच रेघा असतात, कधी कागदी स्टिकर चिकटवलेलं असतं. ते स्टिकर पूर्ण खरवडून काढा, डिंकासकट. रेघा टोकदार असतील तर सँडपेपरचा हलका हात मारा. मग आत आणि ट्यूबला शंखजिऱ्याची पूड चोळा, मूठभर पुरते, ढीग नको. ट्यूब घातल्यावर थोडी हवा भरा, पूर्ण सोडा, परत भरा. पहिल्या हवेत पडलेल्या घड्या दुसऱ्या हवेत निघतात.

टायर चढवायला हातानं वापरायच्या पट्ट्याच (टायर लिव्हर) वापरा. मशीनचा जबडा स्पोकवर आणि क्रोमवर ओरखडे पाडतो.

होटगी_रोड

फार उपयोग झाला, दोघांचेही आभार. एक शंका राहिली. १८५/७० आर १४ चा व्यास जवळपास तोच आहे आणि दिसायला भरदार आहे. तो का नको? मी आताच बघितलं: मागच्या डाव्या चाकाला टायर आणि मडगार्डची आतली कड यांत एक बोट जेमतेम जातं, उजवीकडं दोन बोटं जातात.

जुनी_चाके

तुमच्या मापातच उत्तर आहे. एमजीबीत डावीकडं जागा कमी असणं नेहमीचंच, मागचा धुरा बॉडीच्या बरोबर मध्ये बसलेला नसतो. १८५/७० साडेचार इंची रिमवर नियमात बसतो, पण रुंदी साधारण दीड सेंटिमीटर वाढते. दोन माणसं बसून खड्ड्यात मागचं चाक वर आलं की डावीकडं कडेला घासेल, आणि तो चरा साईडवॉलवरच पडतो. पाच इंची रिम आणि दोन्हीकडं दोन बोटं जागा असती तर मी हो म्हणालो असतो. शिवाय पॉवर स्टिअरिंग नाही. गाडी उभी असताना चाक वळवायला हात दुखतील, अरुंद टायरवर ही गाडी हलकी आणि बोलकी वाटते.

साडेतीन_नंबर

मालक, टायर घ्यायच्या आधी गाडीची चार कामं बघा, नाहीतर नवीन टायर सहा महिन्यांत तिरका खाईल.

स्पोक पेन्सिलनं एकेक वाजवा. ताणलेला 'टिंग' वाजतो, सैल 'थड' वाजतो. दोन-चार सैल असतील तर कसता येतात, दहा-बारा असतील तर चाक पूर्ण ट्रू (सरळ) करून घ्या. रिमचं वाकडंतिकडं दीड-दोन मिमीच्या आत हवं.

हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) खाचा म्हणजे स्प्लाइन. चाक जॅकवर उचला, एकानं ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्यानं चाक पुढं-मागं हलवायचं. 'कट-कट' आवाज आला तर खाचा झिजल्यात. असं चाक पहिल्या गिअरला आणि ब्रेकला झटका देतं आणि एक दिवस खाचा तासून जातात. हब आणि चाक दोन्ही एकदमच बदलायचं, जुन्यावर नवीन घातलं की नवीनही खलास.

किंग पिनला (पुढचं चाक ज्या खुंटीवर वळतं तिला) ग्रीस मारलं होतं का? ढिला असेल तर पुढचा टायर एका कडेनं झिजतो आणि माणूस उगाच अलाइनमेंटला दोष देतो. एमजीबीत कॅम्बर, कॅस्टर (चाकाचा आणि किंग पिनचा कल) जुळवता येत नाही, फक्त टो (चाकांची पुढची बाजू आत किती वळलेली) जुळतो: आत दीड ते सव्वादोन मिमी.

बॅलन्सिंगला मशीनवर चाक कसं धरलंय ते स्वतः उभं राहून बघा. चाकाच्या मध्यभागी आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही उताराच्या बाजूंवर मशीनचा शंकू बसला पाहिजे. नुसता स्प्लाइनच्या कडेवर शंकू टेकवला तर आकडे खोटे येतात. तपासायला सोपी युक्ती: एकदा आकडा घ्या, चाक सैल करून अर्धा फेरा फिरवा, परत घट्ट करून आकडा घ्या. दोन्ही सारखे आले तर धरणं बरोबर. वजनं चिकटवणारी, रिमच्या आतल्या अंगाला. आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यानं गेलात तर आल्यावर चाक आतून धुवा. वाळलेला चिखल रिमला चिकटून राहतो आणि लोक म्हणतात बॅलन्सिंग गेलं.

नॉक_ऑफ

हवेचं लिहितो, कारण पंपावर हाच घोळ होतो. पंपावरचा मुलगा सगळ्यांना ३२ भरतो. एमजीबीच्या पुस्तकात रेडियलला पुढं २१, मागं २४ पीएसआय दिलेत. आपल्या रस्त्यावर सामानासह पुढं २४, मागं २६ ठेवा. ३२ भरलात तर एवढी हलकी गाडी टायरच्या मधल्या पट्टीवरच चालते, ओल्या रस्त्यावर मागची बाजू सुटते आणि मधली नक्षी आधी संपते. हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी मोजा. दर १० अंश तापमानाला साधारण १ पीएसआय वाढतो. दुपारी वाढलेली हवा सोडू नका, नाहीतर पहाटे कमी पडेल.

वेड्या बाभळीचा काटा लागला तर ट्यूबचा टायर लगेच बसतो, ट्यूबलेससारखा तग धरत नाही. पंक्चर काढताना टायरच्या आतून कापूस फिरवा. काट्याचं तुटलेलं टोक असेल तिथं कापूस अडकतो. ते टोक पक्कडीनं काढल्याशिवाय ट्यूब परत घालायची नाही.

परदेशी टायरबद्दल: पिरेली सिंतुरातो सीए६७ हा १६५ आर १४ मध्ये अजून बनतो आणि नक्षी जुन्या काळाची आहे. पण भारतात टायरला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे आणि जून २०२० पासून टायरची आयात 'मर्यादित' यादीत गेली आहे, परवाना लागतो. पाच टायरसाठी हे करण्यापेक्षा इथला १६५/८० घ्या. प्रदर्शनात न्यायची गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

शेवटी चाक बसवताना: स्प्लाइनला आणि उताराच्या भागाला पातळ ग्रीस लावा, मधल्या नटाच्या (चाक धरून ठेवणारा एकच मोठा नट) आट्यांनाही. नट तांब्याच्या हातोडीनं ठोका, लोखंडी नको. गाडी पुढं जाताना चाक ज्या दिशेनं फिरतं, त्या दिशेनं नट सुटतो; नटावर 'अनडू' अन् बाण असतो. म्हणून डावी आणि उजवी बाजू कधीही अदलाबदल करू नका, नाहीतर धावताना नट आपोआप ढिला होत जातो. नवीन टायरनंतर ५० किमी झाले की जॅक लावून चारी नट परत एकदा ठोकून बघा.