युशानचे दोन परवाने

तैवानच्या युशान या सर्वोच्च शिखरावर जाण्यासाठी लागणारे परवाने केवळ पर्यावरणरक्षणासाठी आहेत, हे मत मला अर्धेच पटते. राष्ट्रीय उद्यानाचा प्रवेश परवाना आणि वाटेवरच्या पाययुन या गिर्यारोहक निवासातील खाटांसाठी निघणारी सोडत यांच्याबाबत ते खरे आहे, कारण ३९५२ मीटर उंचीच्या त्या शिखराखाली किती माणसे मुक्कामाला राहू शकतात याला मर्यादा आहेच. मात्र दुसरा परवाना पोलिसांचा असतो आणि त्याचे मूळ राजकीय आहे. १९४९ ते १९८७ या लष्करी कायद्याच्या काळात डोंगर आणि किनारे हे दोन्ही सुरक्षेचे विषय मानले जात. तो कायदा उठल्यावरही पर्वतीय नियंत्रणक्षेत्रे, म्हणजे पोलिसांच्या परवान्याशिवाय जाता न येणारे डोंगराळ भाग, राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली कायम राहिली. चढाई जिथून सुरू होते त्या ताताजियाला उद्यानाच्या माहिती केंद्रालगतच पोलिसांची चौकी आहे, आणि चढाईपूर्वी खिशातून पासपोर्ट काढून तिथल्या खिडकीत कागद द्यावे लागतात, तेव्हा हा इतिहास नुसता पुस्तकी राहत नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये तत्कालीन पंतप्रधान सु त्सेंग-चांग यांनी डोंगर खुले करण्याचे धोरण जाहीर केले, त्यात निवासांची दुरुस्ती, मोबाईलची रेंज आणि एकत्रित ऑनलाइन अर्ज यांचा समावेश होता. मात्र बचावकार्याचा भार स्थानिक अग्निशमन दलांवर पडतो, आणि म्हणूनच नानतौ, ताइचुंग यांसारख्या स्थानिक सरकारांनी नियम मोडणाऱ्या गिर्यारोहकांकडून शोधाचा खर्च वसूल करण्याची तरतूद करून ठेवली आहे. माझ्या मते खरा वाद आता इथे, म्हणजे बचावाचा खर्च कोणी सोसायचा यावर आहे.