नुकत्याच आई-बाबा झालेल्या शेजाऱ्यांना खरोखर उपयोगी पडेल अशी भेट कोणती द्यावी? मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. आमच्या वरच्या मजल्यावरील जोडप्याला नुकतीच मुलगी झाली असून बारसे सव्वा महिना झाल्यावर करायचे ठरले आहे. दोघेही मला ताई म्हणतात आणि ते नाते मी मनापासून मानते, त्यामुळे केवळ रीत म्हणून एखादे पाकीट हातात ठेवण्याऐवजी त्यांचा भार थोडा तरी हलका होईल असे काही द्यावे, अशी माझी इच्छा आहे.

पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, परंतु तिच्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्याने तिला जाता आले नाही. सासूबाई आल्या होत्या, पण निफाडकडे त्यांची द्राक्षबाग आहे आणि छाटणी सुरू झाल्यामुळे त्यांना परतावे लागले. तिला कायद्याप्रमाणे 26 आठवड्यांची रजा आहे. खासगी नोकरीतील बाबांसाठी मात्र तशी कायदेशीर तरतूद नाही, त्यामुळे तो साठवलेली रजा संपवून अंबडच्या कारखान्यात पुन्हा पाळीवर जाऊ लागला आहे. परवा चारच्या सुमारास मी डिंकाचे लाडू घेऊन वर गेले, तेव्हा तिचे दुपारचे ताट ओट्यावर तसेच झाकून ठेवलेले होते, बाळ खांद्यावर होते आणि सोफ्यावर आहेराच्या झबल्या-टोपड्यांची न उघडलेली खोकी रचलेली होती. बहुतेक सगळी शून्य ते तीन महिन्यांच्या मापाची! तेव्हाच कपडे द्यायचे नाहीत, हे मी ठरवून टाकले.

घरातील मोठ्यांनी सराफ बाजारातून चांदीची वाटी आणि चमचा घ्यावा असे सुचवले. वस्तू सुंदर आहे, पण पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते, म्हणजे उष्टावणापर्यंत ती कपाटातच राहणार. वाळे आणि कडदोरा देण्याचा मान आजी-आजोबांचा, त्यात मी पडू नये. दुधाची बाटली किंवा पावडरचा डबा देण्याचा तर प्रश्नच नाही. त्यांच्या जाहिरातीवर आपल्याकडे 1992 च्या कायद्यानेच बंदी आहे, आणि जी आई नेटाने अंगावर पाजते आहे तिच्या हाती आपण बाटली का द्यावी?

आमच्या ओळखीच्या एक मावशी जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या हाताने शिवतात. थंडी तोंडावर आली असल्याने तो विचार मनात आला होता. तथापि बाळाच्या झोपण्याच्या जागी सुटी पांघरुणे आणि उशा ठेवू नयेत असे बालरोगतज्ज्ञ बजावतात, म्हणून गोधडी दिलीच तर ती आईने पायांवर घेण्यासाठी, किंवा बाळ जागे असताना जमिनीवर अंथरून समोर बसता यावे म्हणून द्यावी, असे वाटते.

माझे मन सर्वांत जास्त ओढ घेते ते डब्याकडे. महिनाभर संध्याकाळचा, दोन माणसांचा, साधा पोळी-भाजी-वरण-भाताचा डबा घरपोच लावून द्यावा, म्हणजे तो पाळीवरून आल्यावर स्वयंपाकाला न लागता बाळाला घेईल आणि तिला गरम जेवता येईल. माझे अंदाजपत्रक तीन ते चार हजारांचे आहे. तेवढ्यात महिना बसत नसेल तर पंधरा दिवसांचा देईन. अडचण पथ्याची आहे. सासूबाईंनी वांगे, गवार आणि हरभऱ्याची डाळ वर्ज्य सांगितली आहे, तर डॉक्टरांनी सर्व काही खा असे सांगितले आहे, आणि या दोन्हींच्या मध्ये माझ्या डब्यामुळे तिला कोणापुढे उत्तर द्यावे लागू नये.

दुसरा पर्याय मालिश करणाऱ्या बाईंचा. त्या सध्या सकाळी येऊन बाळाला आणि तिला तेल लावतात, न्हाऊ घालतात. सव्वा महिन्यानंतर त्यांना थांबवायचे ठरले आहे. पुढच्या महिन्याचे त्यांचे पैसे मी द्यावेत का? तिला सकाळचा तो निवांत वेळ आवडतो, हे तिनेच मला सांगितले आहे. मात्र घरकामाच्या माणसाचे पैसे शेजारणीने दिले, ही गोष्ट तरुण नवऱ्याला लागू शकते, आणि त्याचा स्वाभिमान दुखावेल असे मला काहीही करायचे नाही.

ज्यांच्या घरी अलीकडे बाळ आले आहे त्यांनी कृपया सांगावे, की पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणाची कोणती मदत तुम्हाला सर्वाधिक उपयोगी पडली, आणि ती स्वीकारताना संकोच वाटला का. डबा द्यायचा तर आधी विचारून ठरवावा, की बारशाच्या दिवशी बाळंतविड्यासोबत चिठ्ठीत लिहून द्यावा? तसेच इंदिरानगर किंवा सिडको भागात कमी तिखट, कमी तेलाचा आणि सांगू तसा बाळंतिणीचा डबा करून देणाऱ्या भगिनी कोणाच्या माहितीत असतील तर अवश्य कळवावे. बारशाच्या आधी एकदा स्वतः चव घेऊन मगच मी तो लावणार आहे.