लोहगावचा तळ: उपकार कुणाचे आणि जमीन कुणाची?

हवेलीकर:
काल इथं एकानं लिहिलं, ‘लोहगावला नुसता ओसाड माळ होता. १९३९ साली इंग्रजांनी तळ बांधला म्हणून पुण्याला विमानतळ मिळाला, त्यांचे उपकार माना. आणि युद्ध केव्हाच संपलंय, आता हवाई दलानं जागा मोकळी करावी.’ वाचून डोकं फिरलं.

उपकार कसले? तळ झाला तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. वेलिंग्टन, मॉस्किटो, स्पिटफायर ही लढाऊ आणि बॉम्बफेकी विमानं इथं आली ती साम्राज्याच्या कामाला. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी कोलंबोवर आणि लगोलग विशाखापट्टणम, काकीनाड्यावर बॉम्ब टाकले, तेव्हा काळजी बंदरांची होती, पुणेकरांची नव्हे. आणि पुण्यानं विमान त्याआधीच पाहिलं होतं. पावसाळ्यात जुहूचं मैदान चिखलात जायचं, तेव्हा टाटांची टपालाची विमानं येरवडा तुरुंगाजवळच्या मैदानावरून उडायची.

मे १९४७ मध्ये तळ आपल्याकडे आला. त्याचा खरा इतिहास तिथून पुढे आहे. १८ डिसेंबर १९६१ ला विंग कमांडर एन. बी. मेनन यांच्या नेतृत्वाखाली बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं इथून उडाली आणि त्यांनी पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यातली दाबोळी विमानतळाची धावपट्टी फोडली. टर्मिनल आणि टॉवरला हात लावायचा नाही असा हुकूम होता, तो पाळला. हे सोडून इंग्रजांचे पोवाडे का गायचे?

विमाननगरवाला:
ते लिहिणारा मीच. फोडली म्हणता, मग त्याच रात्री पोर्तुगीजांची दोन प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवरून कराचीला कशी निसटली? तेही सांगा की.

माझा मुद्दा आजचा आहे. धावपट्टी २,५३५ मीटरची, लांब पल्ल्याची मोठी विमानं तिथून पूर्ण भारानिशी उडणं अवघड. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी चौदा दिवस सगळी उड्डाणं बंद. माझ्या बहिणीचं बाळंतपण दिल्लीला, आणि आई सामानासकट मुंबईच्या गाडीत. एवढ्या मोठ्या शहरानं किती दिवस दुसऱ्याच्या अंगणात पाहुण्यासारखं राहायचं?

निवृत्त सार्जंट:
उरलासुरला पट्टा वापरून, रात्रीच्या अंधारात, जीव मुठीत धरून पळाली ती पोर्तुगीज विमानं. त्याला धावपट्टी शाबूत असणं म्हणत नाहीत.

‘जागा मोकळी करा’ म्हणणाऱ्यानं तळ कधी आतून पाहिलाय का? १९९७ मध्ये देशातली पहिली सुखोई लढाऊ विमानं इथंच दाखल झाली, २००२ मध्ये त्यांची सुधारित एमकेआय आवृत्तीही इथंच. हँगर, दारूगोळा, दुरुस्तीची यंत्रणा, माणसांची घरं, शाळा. हे सगळं उचलून ठेवायचं कुठे? माझी उमेदीची वर्षं त्या टारमॅकवर गेली. तुमचं विमान अर्धा तास लेट झालं म्हणून तळ हलत नसतो.

लोहगावची सून:
तुम्ही तिघं भांडताय, पण ‘ओसाड माळ’ या शब्दांवर कुणीच अडलं नाही. लोहगाव तुकोबांचं आजोळ. गाव शेकडो वर्षांचं आहे. माझ्या आजेसासऱ्यांची ज्वारीची पट्टी तळात गेली. मोबदला काय मिळाला हे घरात विचारलं की म्हातारी माणसं गप्प बसायची. जे उरलं त्यावर दारूगोळा कोठाराच्या हद्दीमुळे मजला चढवता येत नाही. मुलाचं लग्न झालं, खोली वाढवायची होती, राहून गेली. विमानतळाला तुकाराम महाराजांचं नाव द्यायची मागणी झाली, आनंद आहे. पण त्यांच्या आजोळच्या माणसांचं काय?

पारगावकर:
ताई, आमच्याकडे तेच चाललंय. लोहगाव अपुरं पडतं म्हणून पुरंदरला नवा विमानतळ. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि आमचं पारगाव. अंजीर-सीताफळाच्या बागा आहेत, माळ नाही. पुण्यातल्या लोकांना पहाटेचं विमान हवं म्हणून आम्ही बाग सोडायची?

विमाननगरवाला:
पुरंदर झालं तर लोहगावचा तळ तळासारखा राहील, तुम्हालाच बरं. सगळ्यालाच विरोध करायचा तर शहर वाढणार कसं?

पारगावकर:
वाढा की. पण आमचा सातबारा तुमच्या वाढीच्या हिशोबात धरू नका. ‘माळ’ म्हटलं की घ्यायला सोपं जातं, १९३९ लाही आणि आजही.

हवेलीकर:
माझा विषय गोव्याचा होता, तो कुठल्या कुठे गेला. पण सूनबाईंचं म्हणणं खोडता येत नाही. मेनन यांच्या तुकडीचा अभिमान आहे आणि राहील. तिथल्या शेतकऱ्यांची नावंही त्याच इतिहासात यायला हवीत, एवढं मी मान्य करतो. उपकाराची भाषा मात्र मुळीच मान्य नाही.

विमाननगरवाला:
ठीक, ‘उपकार’ मागे घेतो. धावपट्टी लांब हवी, ही मागणी मात्र मागे घेत नाही.

लोहगावची सून:
लांब करायची तर पुन्हा जमीन लागणार. कुणाची, तेही इथंच लिहा.